दुबईत बोटीने एक दिवस : खाडी की मरिना?

समुद्रवेल
नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन दुबईला चालले आहे. भाऊ तिथे नोकरीला आहे, त्यामुळे राहण्या-जेवणाची चिंता नाही. बुर्ज खलिफा, मॉल, वाळवंट हे सगळं त्याने ठरवून टाकलंय. प्रश्न आहे एका दिवसाचा. तो दिवस बाबांनी मागून घेतलाय आणि त्यांना तो पाण्यावर घालवायचा आहे.

बाबा ७६ वर्षांचे. गाव दाभोळच्या बाजूला, सगळं लहानपण खाडीत गेलेलं. त्यांचे मामा १९६८ साली मुंबईच्या गोदीतून बोटीने दुबईला गेले. ट्रंक डोक्यावर घेऊन त्यांना सोडायला बाबाच गेले होते. मामांनी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की इथेही आपल्यासारखीच खाडी आहे आणि पलीकडे जायला 'तर' (होडी) आहे. पत्र पुढे घर शाकारताना कुठेतरी गेलं, मामाही गेले. ते एक वाक्य मात्र बाबांना पाठ आहे. त्यांना त्या तरीत बसायचंय.

भाऊ म्हणतो, त्या जुन्या खाडीत काही नाही, मरिनातून, म्हणजे तिकडच्या नव्या बोटींच्या बंदरातून, छान यॉट करू, बुर्ज अल अरब हॉटेल समुद्रातून बघू. आईचे गुडघे दुखतात, तिला हलत्या बोटीत चढायची धास्ती वाटते. दिवस एकच. तुम्ही काय कराल?

चहाबाज
खाडी. डोळे मिटून खाडी. एका दिरहमात पलीकडे, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. पलीकडे उतरलात की कडक चहा. परत एक दिरहम, परत चहा. मी अशा सहा फेऱ्या केल्या आहेत आणि सहाव्या कपापर्यंत माझी तक्रार नव्हती.

मनमौजी
माझं मत वेगळं आहे. मागच्या वर्षी आम्ही दोन्ही केलं. आब्रामध्ये, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या त्या बोटीत, डिझेलचा धूर थेट नाकात येतो आणि पाच-सात मिनिटांत प्रवास संपतो. मरिनातून आम्ही दीड तासाची बोट घेतली. निळं पाणी, उंच इमारतींची भिंत, मग पाम बेटाचा बांध, अटलांटिस हॉटेल, शेवटी बुर्ज अल अरब. वडीलधाऱ्यांना बसायला गादी, सावली, स्वच्छतागृह सगळं होतं. भावना आपल्या जागी, पण ७६ व्या वर्षी आरामही बघायला हवा. भाऊ चुकीचं सांगत नाहीये.

अंगणातली_तुळस
समुद्रवेल, आईच्या गुडघ्यांबद्दल सांगते. माझ्या सासूबाई ७१ च्या होत्या तेव्हा नेलं होतं. आब्रा लाकडी, बसकी बोट असते, विसेक माणसं मावतात. मधोमध बाक, दोन रांगा पाठीला पाठ लावून बसतात आणि तोंडं पाण्याकडे. कठडा नावापुरताच. धक्का तरंगता असल्यामुळे फार उंच पायरी नसते, पण बोट हलत असते आणि पाय नेमका टाकावा लागतो. एकजण आधी आत उतरा, एकजण मागे थांबा आणि आईंना मध्ये घ्या. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गर्दी कमी असते, तेव्हा चालक थांबतोही. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं भराभर चढतात, तेव्हा वयस्कर माणसाला त्रास होतो. सुटी नाणी जवळ ठेवा, पैसे बोटीतच द्यायचे असतात.

मनमौजीदादा, धुराचं खरं आहे. इंजिन मधल्या खड्ड्यात, चालकाच्या पायाशी असतं. पुढच्या टोकाला बसलं की वाऱ्याने धूर मागे जातो.

गलबत
धागा वाचून राहवलं नाही. बाबांच्या मामांनी लिहिलेलं अगदी शब्दशः खरं आहे. 'आब्रा' हा शब्दच मुळी अरबीतल्या ओलांडण्याच्या क्रियापदावरून आला. आपली 'तर' जशी तरून जाण्याशी जोडलेली, तशीच ही. मामांनी केलेलं भाषांतर कुठल्याही कोशापेक्षा चोख आहे.

१९६८ साली मोठी बोट दुबईच्या काठाला लागतच नसे. रशीद बंदर सुरू झालं १९७२ मध्ये. त्याआधी आगबोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची, माणसं आणि सामान लहान होड्यांतून उतरवून खाडीच्या मुखातून आत आणायचे. म्हणजे मामांनी दुबईत पहिलं पाऊल टाकलं ते बहुतेक याच खाडीच्या काठावर. ही खाडीसुद्धा आधी गाळाने भरत चालली होती. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन १९५९ पासून ती उपसायला लावली. निघालेल्या वाळूची काठाला भर घातली आणि मोठी गलबतं आत येऊ लागली. दुबईचं तेल सापडलं १९६६ मध्ये. म्हणजे व्यापाराचं धाडस आधीचं, तेल नंतरचं. हे शहर कसं झालं ते समजून घ्यायचं असेल तर खाडीच बघायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

बाबांना त्या आगबोटीचं नाव आठवतं का? विचारून सांगाल का?

निवृत्त_अभियंता
गलबत यांना अनुमोदन. पण मरिनाला कृत्रिम म्हणून हिणवू नये, त्यातलं काम पाहण्यासारखं आहे. मी बंदरांच्या कामात आयुष्य काढलं, म्हणून थोडं लिहितो.

मरिनाशेजारच्या पाम जुमेरा या कृत्रिम बेटाचं काम २००१ मध्ये सुरू झालं. शेजारी एवढं वाळवंट असूनही ती वाळू चालत नाही. वाऱ्याने घासून तिचे कण गोल गुळगुळीत झालेले असतात, ते एकमेकांत घट्ट बसत नाहीत. म्हणून समुद्रतळाची वाळू उपसून जहाजाच्या तोंडातून फवाऱ्यासारखी टाकत गेले, आणि जागा उपग्रहावरून तपासत गेले. बाहेरचा अर्धचंद्र म्हणजे सुमारे ११ किलोमीटरचा दगडी लाटरोधक बांध. आतलं पाणी साचून राहू नये म्हणून त्या बांधात दोन ठिकाणी वाट सोडली आहे. बोट त्या बाजूने गेली तर वडिलांना ती फट जरूर दाखवा. ज्याने खाजणाचे बांध आणि उघाड्या (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) पाहिल्या आहेत, त्याला ती लगेच कळेल.

एक सावधगिरीची सूचना. बोटीतून बेटाचा खजुराच्या झाडासारखा आकार अजिबात दिसत नाही. दगडांचा बांध आणि घरं, एवढंच दिसतं. बरेच लोक तिथे हिरमुसतात. आकार पाहायचा तर उंचावर जायला हवं. मोनोरेलमधूनही थोडी कल्पना येते.

भटकभवानी
अभियंता काका, हे पाणी साचण्याचं माहीत नव्हतं! आम्ही तिथे दोन तास होतो आणि माझ्या मुलाने एवढंच विचारलं, "आई, झाड कुठाय?" आता त्याला उत्तर देता येईल.

शारजाहकर
मी इकडे १९ वर्षं आहे, म्हणून व्यवहाराचं सांगतो. खाडी की मरिना असा वाद घालायची गरज नाही. सरकारी फेरीबोट खाडीकाठच्या अल घुबैबाहून सुटते आणि समुद्रामार्गे मरिनाला जाते. खाडीच्या मुखातून बाहेर, रशीद बंदर, जुमेराचा किनारा, बुर्ज अल अरब, मग मरिना. बंद केबिन, वातानुकूलित, मागे उघडा सज्जा. चढायला फळी असते, त्यामुळे तुमच्या आईंनाही सोपं. यॉटच्या मानाने भाडं खूप कमी. दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघाच.

म्हणजे सकाळ खाडीवर, दुपारी फेरी, संध्याकाळ मरिनात. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या फेरीने गेलात तर उतरता उतरता ऊन सोनेरी झालेलं असतं. अल घुबैबाला मेट्रोचं स्थानक आहे, तिथून आब्राचा धक्का चालत जवळ.

'शमाल' म्हणजे वायव्येचा जोरदार वारा सुटला की समुद्र खवळतो आणि बाहेरच्या फेऱ्या रद्द होतात. म्हणून तो दिवस सहलीच्या शेवटाला ठेवू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत ठेवा, म्हणजे पुढे ढकलता येईल.

मासेखाऊ
एवढा समुद्र, एवढी खाडी आणि अजून कुणी माशांचं नाव काढलं नाही? खाडीपलीकडच्या देरा भागातल्या वॉटरफ्रंट मार्केटला जा. जुना देरा मासळी बाजार २०१७ मध्ये तिथे हलवला. आपली सुरमई तिथे 'कनाद', पापलेट 'झुबैदी'. हमूर तर ढिगाने. विकत घ्या, साफ करून घ्या, तिथेच भाजून देणारेही आहेत. आमचे वडील तिथे दोन तास रमले, बुर्ज खलिफासमोर वीस मिनिटं.

चहाबाज
मासेखाऊ, तुमच्या वडिलांना माझा साष्टांग नमस्कार.

अंगणातली_तुळस
शाकाहारी मंडळींसाठी : खाडीच्या अलीकडच्या बर दुबईच्या धक्क्यामागे कापडबाजारातून आत गेलं की ती अरुंद गल्ली लागते, हार-फुलं, कुंकू, नारळ विकणारी. सासूबाई तिथे एकदम घरी आल्यासारख्या झाल्या होत्या. तिथलं शंकराचं देऊळ आता जेबेल अलीला गेलंय (जानेवारी २०२४), जेबेल अलीचं मोठं मंदिर ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलं. दर्शनाचा बेत असेल तर तो वेगळा दिवस धरा, अंतर बरंच आहे.

वाळूतली_वाट
रात्रीच्या जेवणाच्या गलबताबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून माझा अनुभव लिहिते. एका एजंटाकडून खाडीतली जेवणाची फेरी घेतली. दोन तास म्हणाले होते, त्यातला पाऊण तास बोट धक्क्यालाच बांधलेली. गाणी इतकी मोठ्याने, की शेजारी बसलेल्या नवऱ्याला हाका मारून बोलावं लागत होतं. दिवे सुंदर होते, पण पाणी ऐकूच आलं नाही. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर वरच्या उघड्या मजल्यावर जागा मिळेल का आणि गाण्याचा आवाज किती, हे विचारूनच पैसे भरा. आमच्या मैत्रिणीला दुसऱ्या बोटीवर फार छान अनुभव आला, त्यामुळे सगळ्यांना एका मापाने मोजत नाही.

गलबत
जेवणाची सजवलेली गलबतं बाजूला ठेवा. देराच्या काठावर खरी मालवाहू गलबतं एकाला एक लावून उभी असतात, तो धक्का चालत बघा. रस्त्याच्या कडेला टायर, फ्रीज, बिस्किटांची खोकी, तांदळाच्या गोणी तशाच रचलेल्या. इराणला, सोमालियाला जाणारा माल. त्यांवर आजही कच्छ-सौराष्ट्राचे खलाशी भेटतात. मांडवीला आणि केरळात बेपूरला ही जहाजं बांधत आली आहेत, सागवान मलबारचं. मागे लाकडी पेटीसारखं लटकलेलं दिसेल ते त्यांचं शौचालय.

मुंबईचं आणि या खाडीचं नातं पोटापाण्याचं होतं. इथले मोती विकले जायचे मुंबईत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचे आणि त्यांनी वर आणलेल्या मोत्याचा भाव मुंबईच्या बाजारात ठरायचा. जपानी संवर्धित मोती आले, जगभर मंदी आली आणि १९३० च्या दशकात तो धंदा बसला. चलनसुद्धा आपला रुपया होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्या दुबईतून गेल्या. मामा पोहोचले त्याच्या दोनच वर्षं आधी.

मनमौजी
गलबत, हे सगळं वाचून आता वाटतंय की मी आब्रात बसलो, पण बघितलं काहीच नाही. पुढच्या वेळी देराचा धक्का चालून बघेन. तरी मरिना सोडू नका, यावर मी ठाम आहे. बुर्ज अल अरब ३२१ मीटर उंच आणि शिडाच्या आकाराचा. ते शीड समुद्रातूनच शिडासारखं वाटतं, रस्त्यावरून नुसती इमारत दिसते.

भटकभवानी
आणि नवा कालवा? तो राहिलाच. ९ नोव्हेंबर २०१६ ला खुला झाला. बिझनेस बेपासून जुमेराच्या समुद्रापर्यंत साधारण ३.२ किलोमीटर. शेख झायेद रस्त्याच्या पुलावरून संध्याकाळी दोन्ही बाजूंनी धबधबा पडतो आणि बोट जवळ आली की आपोआप थांबतो. माझा मुलगा झाडाचं दुःख तिथे विसरला.

शारजाहकर
कालव्याची एक गंमत. 'बर' म्हणजे अरबीत जमीन, मुख्य भूमी. खाडीच्या पलीकडची देरा, अलीकडची बर दुबई. कालवा झाल्यापासून खाडी एका टोकाने समुद्राला आणि दुसऱ्या टोकाने पुन्हा समुद्राला मिळाली. म्हणजे 'मुख्य भूमी' नावाचा भाग आता चहूबाजूंनी पाण्यात, चक्क बेट!

निवृत्त_अभियंता
वा! हे नकाशावर बोट फिरवून पाहिलं. खरंच आहे.

रत्नांग्रीचो
गलबत, तुम्ही आगबोटी बाहेर नांगरायच्या म्हणालात, म्हणून लिहितो. आमच्या मोहल्ल्यात म्हातारी माणसं अजून 'दारा' बोटीचं नाव हळू आवाजात घेतात. ८ एप्रिल १९६१. ती मुंबई-बसरा मार्गावरची. दुबईला नांगरून माल-माणसं चढवणं चालू असताना वादळ आलं, म्हणून बोट नांगर उचलून खोल समुद्रात निघून गेली आणि पहाटे तिच्यात स्फोट झाला. २३८ माणसं गेली. निरोप द्यायला आलेली, खाली उतरायची राहिलेली माणसंही बोटीवरच होती. त्यानंतर सात वर्षांनी गावातला पोरगा त्याच वाटेने जातो आणि मागे राहिलेला भाचा त्याची ट्रंक डोक्यावर घेतो. त्या दोघांच्या मनात काय असेल? समुद्रवेल ताई, बाबांना खाडीवर न्याच. भाऊ ऐकत नसेल तर हा धागा दाखवा.

समुद्रवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. रत्नांग्रीचो दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "दाराचं आईला माहीत होतं, म्हणून ती गोदीत आली नाही." हे मला आज पहिल्यांदा कळलं. आजी भावाला निरोप द्यायला का गेली नव्हती, हे घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

शारजाहकर यांचा बेत पक्का केला आहे. भावानेही मान्य केलंय.

मासेखाऊ
वृत्तान्त लिहायला विसरू नका. दुपारच्या जेवणासकट.

चहाबाज
आणि चहासकट.

समुद्रवेल
कबूल केल्याप्रमाणे वृत्तान्त. परवा परत आलो.

बेत तिसऱ्या दिवशी ठेवला होता, पण वारा होता, म्हणून चौथ्या दिवशी गेलो. शारजाहकर, तुमच्या त्या एका ओळीने आमचा दिवस वाचवला.

सकाळी सव्वानऊला बर दुबईच्या धक्क्यावर. भाऊ आधी उतरला, मी मागे, आई मध्ये. आईने पाय टाकला, बोट हलली, तिने डोळे मिटले आणि बसली. बसल्यावर मात्र डोळे मिटले नाहीत. थंडीत खाडीवर समुद्रपक्षी खूप असतात, ते अगदी हाताशी येत होते. बाबा पुढच्या टोकाला. नाणं त्यांनी आधीपासून मुठीत धरलं होतं. चालकाने हात पुढे केला तेव्हा त्यांनी ते द्यायला जरा वेळ लावला. मग दिलं.

देराच्या बाजूला पोहोचलो, सगळे उतरले, बाबा उतरलेच नाहीत. चालकाने बघितलं आणि काही न बोलता त्यांना बसू दिलं. बाबांनी दुसरं नाणं काढलं. आम्हीही परत चढलो. अशा चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी बाबांनी चालकाला हिंदीत विचारलं, भरतीला इथे पाणी किती चढतं. तो बांगलादेशातला, नदीकाठचा. दोघांनी पाण्याबद्दलच बोलणं केलं, पलीकडचा धक्का येईपर्यंत. पूर्वी ही बोट वल्ह्यांनी चालायची, हेही त्याने सांगितलं. बाबांनी खांद्याने वल्हं मारून दाखवलं आणि तो हसला.

मग देराचा धक्का चाललो. टायर, फ्रीज, गोण्या, सगळं गलबत यांनी लिहिल्याप्रमाणे. बाबांनी एका गलबताच्या फळीवर हात ठेवून पाहिला आणि "सागच" म्हणाले. मासळी बाजारात आईने सुरमई बघून भाव विचारला, गुणाकार केला आणि गप्प राहिली. तरी घेतली. भाजलेली, वर लिंबू. उत्तम होती. चहा प्रत्येक धक्क्यावर झाला.

दुपारच्या फेरीने निघालो. खाडीच्या मुखातून बोट बाहेर पडली तेव्हा बाबा मागच्या सज्ज्यावर उभे होते, तोंड किनाऱ्याकडे. सगळे प्रवासी पुढे, बुर्ज अल अरब कधी येतो ते बघायला. बाबा मात्र खाडीचं मुख लहान होत जाताना बघत होते. मी शेजारी गेले तर म्हणाले, "बाहेरून असं दिसलं असेल त्याला. फक्त या इमारती नसतील." मग पाच-दहा मिनिटांनी स्वतःच आत आले आणि भावाला म्हणाले, दाखव आता तुझं शीड.

मनमौजीदादा, तुमचंही खरं निघालं. समुद्रातून ते शीडच दिसतं. भाऊ खूश. बांधातली फट मात्र आमच्या मार्गावर आली नाही, अभियंता काका, बाबांनी दोनदा विचारलं.

गलबत, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देते आहे. बाबांना बोटीचं नाव आठवतं. द्वारका.

मनमौजी
वाचताना डोळे भरून आले. चार फेऱ्या! पुढच्या वेळी मी खाडीपासूनच सुरुवात करणार.

गलबत
द्वारका! मुंबई-आखात मार्गावरची ती शेवटची. विमानं आली, बाकीच्या बोटी एकेक करून बंद झाल्या, पण ही १९८२ पर्यंत चालली. मामा परत आले ते कशाने?

समुद्रवेल
बाबांना विचारलं. १९७४ साली पहिल्या रजेवर आले, ते द्वारकेनेच. ट्रंक उतरवून घ्यायला गोदीत बाबाच गेले होते. आणि त्या वेळी आजीही गेली होती.